हातमोज्यातला नाल : हसवणारी मारामारी आणि सरकारला घाबरवणारी मारामारी

१/
मार्च १९१५. चार्ली चॅप्लिनचा ‘द चॅम्पियन’ हा छोटा मूकपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. खिसा रिकामा, पोट रिकामे आणि सोबतीला एक बुलडॉग, अशा अवस्थेतला चार्ली मुष्टियोद्ध्यांच्या एका सरावगृहापाशी येतो. तिथे सरावापुरती मार खाणारी माणसे हवी आहेत. आत गेलेला प्रत्येक जण लोळागोळा होऊन बाहेर येतो. हे पाहून चार्ली वाटेत सापडलेला घोड्याचा नाल गुपचूप हातमोज्यात सरकवतो आणि समोरच्या धिप्पाड गड्याला आडवा करतो.

२/
या विनोदाची किल्ली त्या नालात आहे. मऊ दिसणाऱ्या हातमोज्यात लोखंड लपलेले आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि समोरच्या पहिलवानाला नसते. हास्य त्या फरकातून जन्मते. सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठावर नाटक आणि तमाशा यांच्या इतिहासात असाच एक लपवलेला नाल वारंवार दिसतो. तिथे मात्र तो पाहून सगळेच हसले नाहीत. काही वेळा सरकारने थेट बंदीचा हुकूम काढला.

३/
आधी प्रकार समजून घेऊ. अशा धसमुसळ्या विनोदाला ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात. हा शब्द इटलीच्या ‘कॉमेडिया देल आर्ते’ या जुन्या नाट्यप्रकारातील एका साधनावरून आला. दोन लाकडी पट्ट्या एकत्र बांधलेली काठी : मारली की आवाज मोठा, इजा जवळपास नाही. संस्कृत नाटकातील विदूषकाच्या हातीही ‘कुटिलक’ नावाची वाकडी काठी असे. हसवणाऱ्याच्या हाती काठी असावी, ही कल्पना कोणा एका देशाची मिरास नाही.

४/
मुष्टियुद्ध आणि चित्रपट यांचे नाते तर चित्रपटाच्या जन्मापासूनचे. १८९४ साली एडिसनच्या कंपनीने जेम्स कॉर्बेट आणि पीटर कोर्टनी यांची लढत आपल्या स्टुडिओत चित्रित केली. फिल्मची लांबी तोकडी, म्हणून फेऱ्या आखूड ठेवल्या आणि शेवटचा ठोसा सहाव्या फेरीत पडेल, अशी व्यवस्था झाली. पडद्यावरची ती गाजलेली लढत मुळात ठरवून केलेली होती. त्याच वर्षी त्याच स्टुडिओत छोटे हातमोजे घातलेल्या दोन मांजरांचे ‘मुष्टियुद्ध’ही चित्रित झाले. गंभीर लढत आणि तिची थट्टा एकाच वर्षी, एकाच छपराखाली जन्मली.

५/
आता मुंबई, १८९९. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून मागवलेला कॅमेरा हँगिंग गार्डनमध्ये उभा केला. समोर होते पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी हे दोन मल्ल. ही कुस्ती भारतीय माणसाने टिपलेल्या अगदी पहिल्या चलच्चित्रांपैकी एक मानली जाते. त्यानंतर सावेदादांनी माकडांचे खेळ करणारा माणूस टिपला. तिकडे मुष्टियुद्ध आणि मांजरे, इकडे कुस्ती आणि माकडे. नव्या यंत्राला दोन्हीकडे सर्वप्रथम झुंज आणि गंमत हवी होती.

६/
भूगोलाविषयी एक खुलासा. आज सातारा आणि सांगली हे वेगळे जिल्हे आहेत. पूर्वी वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यातच होते, तर सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने होती. १९४९ मध्ये संस्थानी मुलूख आणि साताऱ्याचा दक्षिण भाग जोडून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. म्हणून जुन्या कागदांत ‘जिल्हा सातारा’ असा पत्ता असलेली अनेक गावे आज सांगलीत सापडतात. या लेखातील काही माणसेही अशीच दोन्ही जिल्ह्यांची आहेत.

७/
या मुलखात ठरवून केलेल्या मारामारीला पहिले मोठे व्यासपीठ मिळाले ते सांगलीच्या राजवाड्यात. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे यक्षगानाच्या वळणाचे खेळ संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले. खेळ त्यांना आवडला, परंतु ओबडधोबड वाटला. याहून सुधारलेले असे काही मराठीत करावे, अशी आज्ञा त्यांनी पदरच्या विष्णु अमृत भावे या तरुणाला केली. विष्णुपंत पद्यरचना करीत आणि लाकडाच्या बाहुल्याही घडवीत. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग झाला. आजही ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो.

८/
भावे यांच्या नाटकांना आजच्यासारखी लिखित संहिता नसे. सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे प्रसंगानुसार उत्स्फूर्त गद्य बोलत. आरंभी विदूषक वनचराच्या वेषात नाचत-बागडत येई आणि सूत्रधाराशी त्याची थट्टामस्करी चाले. मग गणपती, मग सरस्वती, आणि त्यानंतर मूळ कथानक. कथानक पौराणिक असल्याने देव-राक्षसांची युद्धे ठरलेलीच.

९/
राक्षसांचा प्रवेश हा या खेळांचा खास प्रसंग. ‘अललऽऽडुर्र’ अशी आरोळी ठोकत, पाय आपटत, तलवार परजत राक्षस रंगमंचावर येत. ही आरोळी इतकी लोकप्रिय झाली, की पुढच्या पिढीतील सुशिक्षित टीकाकारांनी या साऱ्या प्रकाराला ‘अललडुर्र नाटके’ आणि ‘तागडथोम नाटके’ अशी नावे ठेवली. नावे उपहासाची असली, तरी त्यांतून एक गोष्ट कळते : प्रेक्षकांच्या स्मरणात पदांइतकाच तो गलका, ती झटापट आणि ते हावभाव राहिले होते.

१०/
१८५१ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले आणि दरबारचा आधार सुटला. भावे मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत पोहोचले. ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग झाले. राजवाड्यातली करमणूक बाजारात आली, आणि बाजारात टिकायचे तर दर वेळी नवे काही हवे. पौराणिक नाटक संपले की एक छोटा हास्यखेळ जोडण्याची प्रथा नाटक मंडळ्यांत लवकरच रुजली. या जोडखेळाला ‘फार्स’ म्हणत. त्यात देव नव्हते, राक्षस नव्हते. असत ते ढोंगी, लोभी, उतावळे शेजारीपाजारी.

११/
ही प्रथा पुढे जशीच्या तशी चित्रपटगृहात गेली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्या कार्यक्रमात नृत्य होते, पायांवर वस्तू झेलणारा कसरतपटू होता आणि ‘टिप-टॉप कॉमिक्स’ नावाने विनोदी चित्रफितीही होत्या. पुढे फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’च्या जोडीला ‘पिठाचे पंजे’ हा स्वतःचा छोटा विनोदपट दाखवला. मोठ्या गंभीर चित्रपटाला चिकटवलेला छोटा विनोदपट म्हणजे नाटकानंतरच्या फार्सचेच यंत्रयुगातील रूप. अमेरिकेतही चॅप्लिनच्या आरंभीच्या मुष्टियुद्धपटांची जागा अशीच, एका मिश्र कार्यक्रमातील एका तुकड्याची होती.

१२/
आता नालाकडे वळू. महाभारताच्या विराटपर्वात कीचकवधाची कथा आहे. बाजूला ठेवून पाहिली तर तिची रचना अस्सल प्रहसनाची आहे. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती असलेला कीचक सैरंध्री झालेल्या द्रौपदीच्या मागे लागतो. रात्री अंधारात भेटीचा संकेत ठरतो. कीचक नटूनथटून येतो, लाडिक बोलतो, हात पुढे करतो, आणि तिथे सैरंध्रीच्या जागी असतो स्वयंपाकघरातला बल्लव, म्हणजे भीम! लोकपरंपरेने त्याला स्त्रीवेषही चढवला.

१३/
बलाढ्य माणूस गाफील, दुबळा समजलेला माणूस सावध, आणि प्रेक्षकाला दोन्ही ठाऊक. ‘द चॅम्पियन’मधली सगळी यंत्रणा इथे हजर आहे. पण महाभारतात पुढे हसू थिजते. भीम कीचकाला नुसत्या हातांनी मारतो आणि त्याचे हातपाय धडात कोंबून देहाचा गोळा करतो. विनोदाच्या काठीवर दोन पट्ट्या असतात म्हणून इजा होत नाही. इथे पट्टी एकच आहे.

१४/
१८७२ मध्ये सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ही कथा उचलली. खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’त काम करीत. १८९९ ते १९०५ या काळात लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होता, १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि देशभर स्वदेशीचे वारे वाहू लागले. काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल अशी फूट पडत होती. त्या वातावरणात, १९०७ साली, महाराष्ट्र नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगमंचावर आणले.

१५/
नाटकात इंग्रजांचे नावही नव्हते. तरीही प्रेक्षकांना अर्थ लावायला वेळ लागला नाही. उन्मत्त कीचक म्हणजे कर्झन, अपमानित सैरंध्री म्हणजे भारत. संयमाचा उपदेश करणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ. आणि सगळा उपदेश ऐकून अखेर हात उगारणारा भीम म्हणजे जहाल. पुराण हा हातमोजा होता, आणि आत काय आहे हे अगदी शेवटच्या बाकावरच्या प्रेक्षकालाही कळत होते.

१६/
भावे यांच्या आणि खाडिलकरांच्या नाटकांतील अंतर नेमके इथे दिसते. १८४३ मध्ये राजवाड्यातला राक्षस आरोळी ठोकून पडे आणि दुसऱ्या प्रयोगाला पुन्हा उठे. तो राक्षसच होता, दुसरा कोणी नव्हता. ‘कीचकवध’मधला खलपुरुष प्रयोग संपल्यावर नाट्यगृहाच्या बाहेर, सरकारी कचेरीत बसलेला होता. प्रेक्षक ज्याच्या पतनाला टाळ्या देत होते, तो माणूस पडलेला नव्हता.

१७/
२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळीचा ‘शारदा’ हा प्रयोग होता. ‘शारदा’चे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. जरठकुमारी विवाहावर बोट ठेवणाऱ्या त्या नाटकाला आलेले कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे या तरुणाने तिथेच गोळ्या झाडल्या. नाटक सामाजिक होते; गोळी मात्र खरी होती. नाट्यगृह ही निरुपद्रवी करमणुकीची जागा आहे, या समजाला त्या रात्री तडा गेला.

१८/
पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, ‘कीचकवध’वर बंदी आली. त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोल यांचे ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी या नाटकाचा सविस्तर समाचार घेतला आणि त्यातील रूपके इंग्रज वाचकांना उलगडून सांगितली. एखाद्या मराठी नाटकाचे इतके बारकाईने केलेले वाचन त्या काळी क्वचितच झाले असेल. सर्वांत एकाग्र प्रेक्षक विरोधक निघाला.

१९/
१९१० हे वर्ष जगभर झुंजींचे वर्ष ठरले. ४ जुलै रोजी अमेरिकेतील रीनो येथे कृष्णवर्णीय विश्वविजेता जॅक जॉन्सन याने गोऱ्यांची आशा म्हणून पुन्हा रिंगणात उतरवलेल्या जिम जेफ्रीज याला हरवले. अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मेली. त्या लढतीचा चित्रपट अनेक ठिकाणी दाखवू दिला गेला नाही. १९१२ मध्ये तर अमेरिकी काँग्रेसने मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी करणारा कायदाच केला.

२०/
त्याच १९१० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये गामा पहिलवान पोलंडच्या झ्बिश्कोसमोर उभा राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ चाललेली कुस्ती निकालाविना सुटली. पुढच्या शनिवारी पुन्हा कुस्ती ठरली, झ्बिश्को फिरकलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. राज्यकर्त्यांच्या राजधानीत परतंत्र देशाचा मल्ल अजिंक्य ठरला. शरीर आणि सत्ता यांचा संबंध त्या वर्षी कुणाला वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

२१/
या पार्श्वभूमीवर १९१४-१५ चे मुष्टिविनोद नव्याने वाचता येतात. १९१४ च्या ‘द नॉकआउट’मध्ये अवाढव्य रॉस्को अर्बकल लढतो आणि चॅप्लिन पंच होऊन स्वतःच सर्वाधिक मार खातो. वर्षभराने ‘द चॅम्पियन’ येतो. खऱ्या लढतीची चित्रफीत राज्याची सीमा ओलांडू शकत नव्हती; थट्टेची खुशाल ओलांडत होती. खऱ्या लढतीत कोण जिंकले, याला वंशाचा, देशाचा, मानाचा अर्थ चिकटत होता. विनोदात जिंकणारा एक उपाशी भटक्या, आणि अखेरच्या क्षणी त्याच्या मदतीला धावणारा त्याचा कुत्रा. भीती वाटावी असे त्यात काही दिसत नव्हते.

२२/
मराठी चित्रपटसृष्टीने लवकरच दुसरे टोक गाठले. सांगलीचा शेजार असलेल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट आणला. कथा पुन्हा कीचकवधाचीच. भीमाच्या भूमिकेत बाळासाहेब यादव, कीचकाच्या भूमिकेत झुंजारराव पवार. वधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले, की सरकारी आक्षेपानंतर ते चित्रपटातून कापावे लागले. टिळकांनी मात्र बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले.

२३/
तेरा वर्षांच्या अंतराने एकच कथा दोनदा कात्रीत सापडली. १९०७ च्या नाटकात अडचण अर्थाची होती. १९२० च्या चित्रपटात अडचण दृश्याचीही होती. दोन्ही वेळा शासनाने मान्य केले ते हेच, की ठरवून केलेली मारामारी ‘खोटी’ असते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही.

२४/
मग हसवणारी मारामारी निरुपद्रवी होती का? याचे उत्तर कृष्णाकाठच्या तमाशात मिळते. गण, गवळण, बतावणी आणि वग अशी तमाशाची परंपरागत बांधणी. गवळणीत मावशी आणि पेंद्या, वगात सोंगाड्या. सोंगाड्या पडतो, धडपडतो, मार खातो, मार चुकवतो. पण वगातला राजा जेव्हा काही बोलतो, तेव्हा त्या बोलण्यातली हवा काढून घेण्याचा हक्कही सोंगाड्याचाच. अंगाने मार खाणारा तोच आणि जिभेने मार देणारा तोच.

२५/
तमाशाचे बहुतेक कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतले. गावात ज्यांना पाटलाच्या ओसरीवर चढता येत नसे, ते बोर्डावर राजाची फिरकी घेत. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी या फडात उतरले आणि पठ्ठे बापूराव झाले. ब्राह्मण घरातल्या कुलकर्ण्याने तमाशात जावे, हे त्या काळच्या समाजाला सहन होण्यासारखे नव्हते. शेकडो लावण्या आणि ‘मिठाराणी’सारखे वग देणाऱ्या या शाहिराला आपल्या जातीतले स्थान गमवावे लागले. १९४५ मध्ये ते निवर्तले तेव्हा पूर्वीचे वैभव उरले नव्हते.

२६/
त्याच वाळवा तालुक्यातील वाटेगाव हे अण्णाभाऊ साठे यांचे गाव. जन्म १ ऑगस्ट १९२०, मांग समाजात. शाळेशी संबंध जेमतेम. नात्यातील बापू साठे यांच्या तमाशात त्यांनी काम केले, पुढे मुंबईत गिरणी कामगारांच्या चळवळीत शिरले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजीचे इलेक्शन’ ही नावेच पुरेशी बोलकी आहेत.

२७/
अण्णाभाऊंनी तमाशाची चौकट ठेवली आणि आतला माल बदलला. गणात देवाऐवजी मायभूमी, कष्टकरी आणि हुतात्मे यांना वंदन आले. गवळण गेली. वगातल्या राजाच्या जागी सावकार, शेटजी, पुढारी उभे राहिले. सोंगाड्याची कोलांटी, त्याची बोबडी, त्याचा आव हे सगळे प्रेक्षकाच्या ओळखीचे. त्यामुळे प्रेक्षक आधी मोकळेपणाने हसला आणि मग आपण कोणाला हसलो, हे त्याच्या लक्षात आले. खाडिलकरांनी नाल पुराणाच्या हातमोज्यात घातला होता. अण्णाभाऊंनी तो हास्याच्या हातमोज्यात घातला.

२८/
परिणामही तसाच झाला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेचे कारण देऊन तमाशावर बंदी घातली. पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर फडांना वाट मिळाली आणि ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ झाले. परकीय सरकार असो की स्वकीय, बोर्डावरच्या सोंगाड्याकडे दोघांचेही लक्ष होते. ज्या हजारो कलावंतांचे पोट त्या बोर्डावर होते, त्यांच्यासाठी हा वाद कलेपुरता नव्हता. चूल पेटण्याचा होता.

२९/
एक प्रश्न उरतो. चॅप्लिनसारखा मुष्टिविनोद जगभर फोफावला, मग कुस्तीची थट्टा करणारे तसे प्रहसन या कुस्तीवेड्या मुलखाची ओळख का झाले नाही? एक संभाव्य कारण असे. अमेरिकेत मुष्टियुद्ध हा पैजेचा, पैशाचा, संशयास्पद व्यवहार मानला जाई. त्याची टिंगल सोपी होती. इथे तालीम हे गावाचे दैवत. जत्रेच्या मैदानात मारुतीच्या नावाने कुस्त्या जोडल्या जात, आणि ‘नुरा कुस्ती’ हा शब्द आजही शिवीसारखा वापरला जातो. आखाडा पवित्र राहिला; थट्टा रात्रीच्या तमाशाकडे सोपवली गेली. दिवसा मैदान आणि रात्री बोर्ड, अशी ही जत्रेतली वाटणी होती.

३०/
त्या पवित्र आखाड्यातूनच कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. जाण्यासाठी पैसे उभे करताना कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने खाशाबांचे स्वागत झाले. त्या लढतीत काहीच ठरवून केलेले नव्हते.

३१/
खऱ्या लढतीचा निकाल त्या दिवशी लागतो आणि नोंदवहीत जातो. ठरवून केलेल्या लढतीचा निकाल आधीच ठाऊक असतो; म्हणून प्रेक्षक निकालाकडे न पाहता लढणाऱ्यांकडे पाहतो. बलाढ्य कोण, दुबळा कोण, ही वाटणी केली कुणी, असे प्रश्न त्याला तिथे सुचू लागतात. १९३१ च्या ‘सिटी लाइट्स’मध्ये चॅप्लिन पुन्हा मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरला. या वेळी तो एका अंध मुलीसाठी पैसे मिळवायला लढतो, पंचाच्या आड लपत नृत्यासारखी पावले टाकतो आणि अखेर हरतो. प्रेक्षक पोट धरून हसतो आणि हरलेल्याच्याच बाजूने उठतो.

३२/
सांगलीचा राजवाडा, महाराष्ट्र नाटक मंडळीचा रंगमंच, वाटेगावचा शाहीर आणि अमेरिकेतला स्टुडिओ यांच्यात प्रत्यक्ष देवाणघेवाण होती, असा दावा करता येत नाही. परंतु चारही ठिकाणी माणसांनी एकच युक्ती शोधली : उघड बोलता येत नाही ते सोंगाच्या आड ठेवायचे. जुने नाटक वाचताना, जुना मूकपट पाहताना किंवा तमाशातल्या सोंगाड्याला हसताना म्हणूनच एकदा हातमोजा चाचपून पाहावा. आत नाल आहे का, आणि असल्यास तो कोणासाठी ठेवला आहे, हे कळले की त्या काळाचा निम्मा इतिहास उलगडतो.